आईचा कोट

तयार कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे कात्री म्हणायचे. कापडाच्या थप्पीवर खडूनं रेघ मारून ती कापायला लागली की बघणाऱ्याला वाटायचं, कापड आपणहून बाजूला होतंय. नाव तिलाही आवडायचं. नवरा त्याच कारखान्याची मालाची गाडी चालवायचा. माल भरून झाला तरी तो कटिंगच्या टेबलापाशी घुटमळत राहायचा. आपण आधी हिच्या कपड्यांवर भाळलो आणि मग मान वर करून तोंड बघितलं, असं तो लग्नानंतर चारचौघांत सांगायचा. ती वरवर रागवायची, पण त्यात खोटं काही नव्हतं. पगार बेताचा असला तरी उरलेले तुकडे जोडून शिवलेलं जाकीट घालून ती रस्त्यानं निघाली, की चांगल्या घरच्या बायका मागं वळून बघायच्या.

मग सासरे गेले. डोंगरातलं घर, गाई आणि सासूबाई, यांचं बघायला तिथं कुणी उरलं नाही. नणंदेचं शहरात कपड्यांचं दुकान होतं. ती येईल अशी कुणी अपेक्षाही केली नाही. "वर्षभर बघू," नवरा म्हणाला. वर्षभर बघू म्हणून गेलेली माणसं परत येत नसतात, हे कात्रीला कळत होतं. तरी ती निघाली, कारण वडील गेल्यापासून तो झोपेत गाईंना हाका मारायचा आणि ते ऐकत ती उजाडेपर्यंत जागी असायची.

तिथला पाऊस कधी धो धो कोसळून मोकळा व्हायचा नाही. तो हवेतच मुक्कामाला असायचा. कपडे दोरीवर वाळत घालायचे आणि तसेच ओले काढून चुलीपुढं धरायचे. अंगणापासून गोठ्यापर्यंतचा चिखल घोट्याएवढा, आणि त्याखाली गार दगड. कात्रीनं आणलेल्या बुटांचे तळवे पहिल्याच आठवड्यात सुटून आले. लांब लोकरी कोटाच्या घेरानं इतकं पाणी पिऊन घेतलं की ती चालायला लागली की कुणीतरी मागून पदर धरून ओढतंय असं वाटायचं. सुती विजार पायांना चिकटली की दिवसभर सुटायची नाही.

सासूबाईंनी हे सगळं बघितलं. मग एक दिवस त्यांनी खुंटीवरचा सासऱ्यांचा रेनकोट आणि गुडघ्याएवढे रबरी बूट तिच्यापुढं आणून टाकले. "घाल हे. इथं कोण बघतंय तुला."

तिनं घातले. बुटात तिचे पाय डबक्यातल्या बेडकासारखे हलायचे. तशीच ती खालच्या वस्तीवरच्या दुकानात मीठ आणायला गेली, तर दुकानदार मान वर न करता म्हणाला, "बोला काका, काय देऊ?" घरी येऊन तिनं हे नवऱ्याला सांगितलं. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. तीही हसली, पण त्याच्याएवढा वेळ नाही.

कात्रीचा स्वभाव असा होता की एखादं माप चुकलं असेल तर तिला झोप लागायची नाही. इथं तर अख्ख्या अंगाचंच माप चुकलेलं होतं. ती बघायला लागली. गुरांच्या डॉक्टरीणबाई यायच्या, टपालवाली सायकल ढकलत चढ चढायची, दूध घालायला बायका खाली जायच्या. सगळ्यांच्या अंगावर तोच प्लास्टिकचा रेनकोट. बाहेरून पाणी येऊ द्यायचा नाही, पण आतून घाम फुटायचा आणि मग तोच घाम गार होऊन हुडहुडी भरवायचा. हात वर केला की सगळा कोट कमरेच्या वर सरकायचा आणि बाहीतून पाणी काखेत उतरायचं. बायकांना त्याची सवय झाली होती. त्या नुसत्या खांदे उडवायच्या.

पहिल्यांदा तिनं अंगालगतचं सुती सोडलं आणि पातळ लोकर धरली. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, हे तिला कापड कापून माहीत होतं. आता अंगाला कळलं. बूट एक माप मोठे घेतले आणि आत दोन मोजे घातले. विजार खाली निमुळती केली, म्हणजे बुटात बसते आणि भिजलेली किनार पायाला फटके मारत नाही. एवढं जमल्यावर ती कोटाकडं वळली.

नवऱ्यानं गाडीवरची जुनी ताडपत्री शहरातून येताना आणली होती. जाड, पण वापरून मऊ झालेली, ओल्या मातीच्या रंगाची. हा रंग तिनं मुद्दाम धरला. चिखल उडाला तरी दिसायचा नाही. मेण आणि तेल गरम करून तिनं ते कापडात चोळून चोळून मुरवलं. सगळ्या घराला वास लागला, सासूबाईंनी नाकाला पदर लावला. खांद्यावर तिनं कापडाचा दुसरा थर दिला आणि शिवण खांद्याच्या माथ्यावर न घेता पुढं छातीवर उतरवली, म्हणजे पाणी शिवणीवर थांबतच नाही. काखेत जादा कापडाची चौकोनी कळी घातली, म्हणजे हात आभाळाला लावला तरी कंबर जागची हलत नाही. लांबी मांडीच्या मध्यापर्यंत. वर घेतली तर बसताना पाणी लागतं आणि खाली नेली तर चढावर पायांत येते. अस्तराला एक विटकरी रंगाची जुनी घोंगडी होती, ती वापरली. कॉलर उभी केली की मातकट रंगातून ती विटकरी रेघ हनुवटीखाली अशी उठून दिसायची, की कात्रीनं कपाटाच्या आरशात बघितलं आणि कितीतरी दिवसांनी स्वतःला ओळखलं.

"झकास," नवरा म्हणाला. मग हात धुताना म्हणाला, "पण गोठ्यात कुणासाठी?"

"तुझ्यासाठी म्हटलं तर चालेल?"

तो हसला, पण मागं वळला नाही. हल्ली तो असाच झाला होता. यायचा, जेवायचा, गाईंचं काहीबाही बोलायचा आणि झोपायचा. दमतो बिचारा, असं ती स्वतःलाच सांगायची.

टपालवाली मात्र सायकलवरून उतरली. "कुठनं आणलास गं?"

"शिवला."

"मला शिवून देशील? माझे खांदे बघ, पुऱ्या वर्षात वाळत नाहीत."

ही टपालवाली म्हणजे त्या डोंगरात तिच्याशी थांबून बोलणारं एकमेव माणूस. कात्रीनं हो म्हटलं. पण ताडपत्री आणखी एकाच कोटापुरती उरली होती, आणि तो तिनं मनातल्या मनात सासूबाईंना देऊन टाकला होता. बादल्या उचलून म्हातारीचा डावा खांदा उतरला होता. थंडीत तो इतका धरायचा की केस विंचरताना त्या भिंतीला डोकं टेकायच्या. माप द्यायला त्या उभ्या राहणार नाहीत, म्हणून कात्रीनं दोरीवर वाळणाऱ्या त्यांच्या स्वेटरवरून माप घेतलं. डावा खांदा जरा खाली उतरवला, आतून लोकरीची गादी दिली. बटणं मोठी लावली, म्हणजे गारठलेल्या बोटांना सापडतात. इतकं मन लावून तिनं कारखान्यातही कधी काम केलं नव्हतं.

सासूबाईंनी कोट हातात घेतला, उलटापालटा केला. "बाई, हा घालून गेले तर गाई बुजतील," त्या म्हणाल्या. "मी काय नाटकात काम करते?" आणि त्यांनी तो घडी घालून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीचं पोतं डोक्यावर घेऊन गोठ्यात गेल्या. कात्रीला तोंडात मारल्यासारखं झालं. नवरा म्हणाला, "जुनं माणूस आहे, मनावर घेऊ नकोस." तिनं मनावर घेतलं.

थंडी उतरणीला लागली तेव्हा नणंद आली. पांढरे बूट घालून आली होती, त्यामुळं गाडीतून उतरून दारापर्यंत यायला तिला भावाचा हात धरावा लागला. खुंटीवरचा कात्रीचा कोट तिनं सहज अंगावर चढवला आणि आरशापुढं उभी राहिली. मग उभीच राहिली.

"हा तू केलास?"

"हो, ताई."

"तू इथं वाया जातेस गं."

असं तिला कितीतरी दिवसांत कुणी म्हणालं नव्हतं. कात्री एकदम मोकळी झाली. नणंद होती तेवढे दिवस दोघी कागदी नमुने पसरून जमिनीवर बसायच्या. काखेतली कळी कशी बेतायची, खांद्याला दुसरा थर का लागतो, मेण किती आणि तेल किती, सगळं कात्रीनं सांगितलं. नणंद हुशार होती, एकदा सांगितलं की कळायचं तिला. दोघी हसायच्या. सासूबाई आतून म्हणायच्या, "काय ते खिदळणं," पण लेक आलेली असल्यानं त्यांच्या बोलण्यात राग नसायचा. जाताना नणंदेनं तिला जवळ घेतलं. "बघू, काहीतरी करू आपण." त्या 'आपण'वर कात्री बरेच दिवस जगली.

मध्येच कात्रीची आई जिन्यावरून पडली आणि तिला माहेरी जावं लागलं. आई चालायला लागली तेव्हाच ती परत आली. आली तर खोलीतल्या खिळ्याला टांगलेले कागदी नमुने नव्हते.

"ताई येऊन गेली," नवरा म्हणाला. "घेऊन गेली. पुढं नेतेय ती ते."

"मला विचारलं नाहीस."

"अगं, तुझंच काम पुढं जातंय. विचारायचं काय त्यात?"

तिला ते खटकलं, आणि आनंदही झाला. दोन्ही एकदम होऊ शकतं. तिनं फोन केला तर नणंद घाईत होती. सगळं छान चाललंय, भेटल्यावर बोलू, म्हणाली. कात्रीनं वाट बघितली. टपालवालीला ती म्हणाली, "थोडं थांब, ताईंचं काहीतरी ठरतंय, मग तुला चांगल्या कापडाचा देते."

पुन्हा थंडीला तोंड फुटलं तेव्हा टपालवालीनंच चढावर सायकल थांबवली आणि ओला हात विजारीला पुसून मोबाइल पुढं केला. "तुझ्या सासूबाई शिवतात, हे बोलली नाहीस कधी."

जाहिरातीतला फोटो त्यांच्याच गोठ्याच्या दारातला होता. सासूबाईंच्या अंगावर तो कोट होता, तिनं त्यांना दिलेला. डाव्या खांद्यावर कसा अलगद बसला होता. विटकरी कॉलर उभी केलेली, दोन्ही हात खिशात, आणि म्हातारी अशी हसत होती की कात्रीनं ते हसू घरात कधी बघितलंच नव्हतं. शेजारी नणंद, नव्याकोऱ्या बुटांत. खाली लिहिलं होतं: 'आईचा कोट. डोंगरात राहणाऱ्या माझ्या आईनं आयुष्यभर स्वतः शिवून घातलेला कोट, आता तुमच्यासाठी.'

सासूबाईंना सुईत दोरा ओवता येत नव्हता. स्वेटरचं तुटलेलं बटणसुद्धा त्या सुनेकडं द्यायच्या.

कात्री घरी गेली. सासूबाई दुधाच्या कासंड्या घासत बसल्या होत्या.

"आई, तुम्ही कोट घातलात."

"पोरीनं घाल म्हटलं, घातला."

"मी दिला तेव्हा गाई बुजतील म्हणालात."

"फोटोत गाई नव्हत्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांना विनोद करायचा नव्हता. जे होतं ते सांगितलं.

"त्यात लिहिलंय की तुम्ही शिवला."

"मी कुठं वाचलंय." त्यांनी कासंडी उपडी घातली. "हे बघ, दुकान बुडायला आलं होतं तिचं. एकटी बाई, कुणाकडं बघणार? तुला नवरा आहे, डोक्यावर छप्पर आहे. आणि तू घरातलीच ना? घरातल्या माणसानं असा हिशेब करत बसू नये."

"ताईसुद्धा घरातल्याच आहेत."

"ती लेक आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि दुसरी कासंडी पुढं ओढली.

नवरा आला तेव्हा कात्री चुलीपुढं बसली होती. तिनं एकच विचारलं. "फोटो कुणी काढला?"

त्यानं बूट काढले, मोजे पिळले, दोरीवर टाकले. "मी," तो म्हणाला.

"मी माहेरी होते तेव्हा."

"ताई म्हणाली, डोंगरातली म्हातारी आई म्हटलं की माणसं थांबून बघतात. कारखान्यात कापड कापणारी बाई म्हटल्यावर कोण थांबणार?"

"तू थांबला होतास."

त्यानं चुलीतलं ओलं लाकूड पुढं सरकवलं. "तेव्हाचं वेगळं होतं," तो म्हणाला, आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

नणंद फोनवर फार गोड बोलली. नाव कुणाचं का असेना, माल घरातलाच. हंगाम सुरू झालाय, आता मध्येच बदलता येत नाही. पुढच्या खेपेला तुझंही लावू कुठंतरी. आणि हो, पावसात घालायला एखादा जाड स्कर्ट बेतता येईल का, चिखलात चालेल आणि दिसायलाही बरा दिसेल असा? शहरातल्या बायका विचारतायत. कात्रीनं "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. स्कर्टचा घेर कसा घ्यायचा ते तिच्या डोक्यात तेवढ्यात येऊनही गेलं होतं. त्याचीच तिला सगळ्यात जास्त चीड आली.

आता सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं डोंगरात फिरायला यायची ती तोच कोट घालून. कात्री खिडकीतून बघायची. कोटाचा बेत तिचाच होता. पण खांदे सपाट दिसत होते, आणि कापड वाऱ्यावर फडफडत होतं, जे तिच्या ताडपत्रीनं कधी केलं नसतं. माणसं तास-दोन तास फिरायची, फोटो काढायची आणि भिजायच्या आत गाडीत बसायची, त्यामुळं कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार आली टपालवालीची. वाट बघून बघून तिनंही तो विकत घेतला होता. एका संध्याकाळी ती दारात उभी राहिली. केसांतून पाणी निथळत होतं, खोकून खोकून आवाज बसला होता. पिशवीतल्या टपालाचा लगदा झाला होता आणि त्यावरून वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती.

"तुमच्या घरचा म्हणून घेतला गं," ती म्हणाली. "खांद्यातून सगळं पाणी आत. बघ जरा."

कात्रीनं कोट उलटा केला. काखेतली कळी जागच्या जागी होती. खांद्याचा दुसरा थर गाळला होता. त्या थरानं कोट फुगीर दिसतो, म्हणून असणार. शिवण परत माथ्यावर घेतली होती. हातात धरल्या धरल्या तिला कळलं काय करायचं ते. ताडपत्रीचा एक तुकडा अजून पेटीत होता, मेणही होतं. संध्याकाळचा स्वयंपाक आटपून बसली असती तर झोपायच्या आत झालं असतं.

"हा मी शिवलेला नाही," ती म्हणाली.

"ते ठाऊक आहे. पण नीट करता येईल ना?"

"आईचा कोट आहे. आईंना विचार."

टपालवालीला वाटलं, ती थट्टा करतेय. ती थोडी हसली आणि सासूबाई कुठं आहेत म्हणून आत बघायला लागली. मग कात्रीचं तोंड बघून थांबली. कोट घडी करून काखेत मारला आणि तशीच, अंगात नुसता स्वेटर असताना, पावसात उतरून गेली.

उंबऱ्यात उभी राहून कात्रीनं तिला वळणापर्यंत जाताना बघितलं. हाक मारायला तिनं तोंड उघडलंही होतं. ज्यांनी केलं ते सगळे आपापल्या घरात कोरडे बसले होते, आणि आपण शिक्षा दिली ती हिला, हे तिला त्याच क्षणी समजलं. तरी हाक काही फुटली नाही. पुढं टपालवाली यायची, दाराच्या फटीतून टपाल सरकवायची आणि सायकलवरून न उतरता निघून जायची. तिचा खोकला चढावरून खाली जाईपर्यंत ऐकू यायचा.

कात्रीनं शिवणाचं मशीन झाकून ठेवलं. काही दिवसांनी सासूबाईंनी त्यावर बटाट्याची टोपली ठेवली. तिनं ती हलवली नाही. स्कर्टसाठी नणंदेचे फोन आले, नवऱ्यानंही एकदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं.

खालच्या वस्तीपलीकडं भाज्या गोठवून डब्यांत भरायचा कारखाना होता. कात्री तिथं कामाला लागली. "घरात काही कमी पडतंय का?" नवरा म्हणाला. "नाही," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं गेली. तिथं गोठणखोलीत शिरायचं तर प्रत्येकीला कारखान्याचं जाकीट घालावं लागायचं. निळं, गोधडीसारखं, सगळ्यांना एकाच मापाचं. वर कागदी टोपी, खाली पांढरे बूट. टोपीखालून कोण कुठली ते ओळखूही यायचं नाही. पहिल्या दिवशी ते जाकीट अंगावर चढवताना कात्रीला हायसं वाटलं.

"हल्ली तू नवीन काही घालत नाहीस," नवरा एकदा जेवताना म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

"लागत नाही," ती म्हणाली.

कारखान्यात तिच्या शेजारी एक बुटकी बाई वाटाणे निवडायला उभी असायची. जाकिटाच्या बाह्या तिच्या बोटांच्या खाली यायच्या. दुमडल्या की सुटायच्या, सुटल्या की बर्फात भिजायच्या, आणि ती दर थोड्या वेळानं दातांनी ओढून वर घ्यायची. कात्रीला ते बघवायचं नाही. कोपरापाशी एक चिमटा, आत एक टीप, जेवणाच्या सुट्टीत होणारं काम. तिचे हात शिवशिवायचे. ती ते वाटाण्यांत खुपसून ठेवायची.

"तुला शिवणबिवण येतं का गं?" बाईनं एक दिवस विचारलं. "काहीतरी कर बाई या बाह्यांचं."

"नाही," कात्री म्हणाली. "मला नाही येत."

बाईनं मान हलवली, दातांनी बाही वर ओढली आणि सरकत्या पट्ट्यावरून पुढं आलेल्या वाटाण्यांत हात घातला.